मचाणावरचा तांबडा दिवा

चारठाण्याच्या पश्चिमेला एक उघडा माळ आहे. सत्तावन्न सालच्या दिवाळीनंतर तिथे विमानं उतरायला लागली. पूर्णेच्या खोऱ्याचे नकाशे करायचे होते आणि त्यासाठी वरून फोटो घेणारी दोन लहान विमानं आली होती. माळावर मुरूम टाकून हजार यार्डांची धावपट्टी केली, कडेला चार तंबू ठोकले. जोंधळ्याच्या रानात पाखरं हाकायला घालतात तसं, पण दुप्पट उंचीचं एक लाकडी मचाण पट्टीच्या मध्यावर उभं केलं. वर पत्रा, चारी बाजू उघड्या. हाच आमचा टॉवर. मी तिथे रेडिओ मेकॅनिक होतो. पण ही हकीकत रेडिओची नाही, त्या मचाणावर बसणाऱ्या आसारामची आहे.

आसाराम तिथून दोन कोसांवरच्या गावचा. वडील आश्रुबा, आठ एकर कोरडवाहू रान आणि चंद्या-लखोट्या ही एक बैलजोडी. आसाराम परभणीला मॅट्रिक झाला, जिंतूरच्या कचेरीत नकला करायच्या कामावर लागला, आणि तिथून रजा घेऊन हैदराबादेस हवाई नियंत्रणाचा सहा महिन्यांचा वर्ग करून आला. प्रत्यक्ष काम शिकायला त्याला नेमकं त्याच्याच माळावर पाठवलं. तीन महिने दिनकररावांच्या हाताखाली काढायचे. मग मुंबईहून तपासनीस येणार, एक दिवस शेजारी बसणार आणि सही करणार किंवा करणार नाही. सही झाली तर आसाराम नियंत्रक. नाही झाली तर पुन्हा जिंतूरची कचेरी, पुन्हा नकला.

दिनकरराव निजामाच्या काळापासून विमानांत मुरलेले. त्यांचं मराठी अर्धं दख्खनी होतं आणि चहा दिवसाला बारा कप. शिकवायची रीत एकच: स्वतः खाली तंबूत चहा पीत बसायचं आणि वरून आसारामचा आवाज ऐकत राहायचं. आवाज चढला की ते शिडी चढत.

पहिली अडचण आली ती घरातूनच. रोज सकाळी पट्टीवर दगडी रूळ फिरवायचं काम आश्रुबांना मिळालं होतं. आता पट्टीवर कुणालाही यायचं असेल, विमान असो, जीप असो की बैल, मचाणावरून परवानगी लागते. हिरवं निशाण दिसलं तर यायचं, तांबडं दिसलं तर कडेला थांबायचं. पहिल्याच आठवड्यात आसारामनं तांबडं निशाण धरलं आणि आश्रुबा रूळ घेऊन सरळ पट्टीवर आले.

"दादा, थांबा! विमान यायलंय!" आसाराम वरून ओरडला.

"यायलंय तर येऊ दे की. माळ लय मोठा हाय."

"तसं न्हाई दादा, निशाण तांबडं हाय!"

"कालच्या पोरानं चिंधी दाखवायची अन् बापानं बैल उभे करायचे? वा रे वा!"

विमानाला उतरता उतरता वर उठून आणखी एक चक्कर मारावी लागली. दिनकरराव शिडी चढून आले. रागावले नाहीत. म्हणाले, "मियाँ, मचाणावर बाप नसतो. उद्यापासून त्याला रूळ म्हण. रूळ, थांबा. रूळ, या. बस."

दुसऱ्या दिवशी आसारामनं पत्र्याचा भोंगा तोंडाला लावून घोगऱ्या आवाजात पुकारलं, "रूळ, थांबा!" आश्रुबा इकडे तिकडे पाहू लागले, कुणाला म्हणतोय म्हणून, आणि त्या गोंधळात थांबले. संध्याकाळी घरी जाऊन त्यांनी बायकोपुढे गाऱ्हाणं मांडलं. "झुंबरे, तुझं पोरगं मला रूळ म्हणायलंय." झुंबरबाई म्हणाल्या, "मग? हलवल्याबिगर हलता व्हय तुमी तरी?"

याच झुंबरबाईंनी आमची वाऱ्याची पिशवी शिवली होती. वारा कुठून येतो हे वैमानिकाला वरूनच दिसावं म्हणून खांबावर कापडाची लांब पिशवी टांगतात. सरकारी पिशवी महिनाभर आलीच नाही, तेव्हा त्यांनी जुन्या तांबड्या लुगड्याची शिवून दिली, गोधडीच्या टाक्यांनी. नंतर सरकारी आली, पण दोन दिवसांत फाटली. लुगड्याची पुन्हा वर चढली.

काम कसं चालतं ते थोडं सांगितलं पाहिजे. रेडिओवरची भाषा इंग्रजी, मी इथे मराठीत देतो. विमान येताना आधी आपलं नाव सांगतं, मग जागा, मग उंची. नियंत्रक त्याला वारा सांगतो, कोणत्या दिशेनं उतरायचं ते सांगतो आणि कितवा नंबर आहे ते सांगतो. वैमानिकानं ते जसंच्या तसं परत म्हणून दाखवायचं. नुसतं 'रॉजर' म्हणालं तर त्याचा अर्थ एवढाच की ऐकू आलं. करतो असा त्याचा अर्थ नव्हे. उतरण्याआधी विमानं पट्टीभोवती डाव्या हातानं चौकोनी फेरी घालतात. गावातली माणसं माळावर बघायला येत तेव्हा आसाराम त्यांना ही फेरी खळ्यावरच्या मळणीवरून, मधल्या खांबाभोवती फिरणाऱ्या बैलांवरून समजावून द्यायचा.

"तिवड्याभवती बैलांची पात फिरती का न्हाई? तसंच हे. पट्टी म्हंजी तिवडा. पातीतला मागचा बैल पुढच्याला वलांडून जातो का?"

"न्हाई जात."

"मग वर बी न्हाई जायचं."

लोकांना पटायचं. आसारामला स्वतःला मात्र ते पुरतं पटलेलं नव्हतं, आणि हे त्यालाही ठाऊक नव्हतं.

नोव्हेंबरच्या शेवटी एका दुपारी सर्वे एक हे विमान चार तास फोटो घेऊन परत आलं. फेरीची तिसरी बाजू संपवून ते पट्टीच्या रेषेत वळत होतं. तेवढ्यात रेडिओवर दुसरा आवाज आला. खात्याचे मोठे साहेब पाहणीला येत होते. त्यांचं विमान अजून पाच मैल लांब होतं. आसाराम ताडकन उभा राहिला आणि माईकमध्ये म्हणाला, "सर्वे एक, वर उठा, बाजूला चक्कर मारा. पाहुणे विमान, तुमचा क्रमांक एक."

आवाज चढला नव्हता, उलट फार अदबशीर झाला होता. दिनकरराव कप हातात घेऊनच शिडीवर दिसले.

"का थांबवलं त्याला?"

"त्यात मोठे साहेब हायत," आसाराम म्हणाला.

"मग?"

असं कुणी विचारेल हेच आसारामच्या ध्यानीमनी नव्हतं.

दिनकररावांनी माईक घेतला, पण सर्वे एक तोवर वर उठलं होतं. मोठे साहेब उतरले, त्यांच्या मागून दहा मिनिटांनी सर्वे एक उतरलं. त्याचा वैमानिक बुटका पंजाबी, एरवी फार बोलका. तो काही न बोलता शिडी चढून आला. टाकीत बुडवून पेट्रोल बघायची लाकडी पट्टी त्यानं आसारामपुढे टेबलावर ठेवली आणि खाली निघून गेला. पट्टी तळाला बोटभरच ओली होती.

आसाराम त्या ओल्या बोटभर लाकडाकडे बघत बसला. ते वाळून गेलं तरी बघत होता.

"आता बोल," दिनकरराव म्हणाले.

मग आसारामनं सांगितलं. त्याच्या गावात पोळ्याला वेशीत तोरण बांधतात. सगळ्या गावाची बैलं सजून उभी असतात, पण तोरणाखालून पहिली जोडी जाते ती आबासाहेबांची. त्यांची जोडी यायला उशीर झाला तर सारा गाव थांबतो. एका वर्षी दिवे लागेपर्यंत थांबला होता. आबासाहेबांच्या मागून त्यांचे भाऊबंद, मग सोयरे, मग बाकीचे. आश्रुबांची जोडी शेवटची. आसाराम लहान असताना एकदा दुपारपासून वेशीला बैल धरून उभा होता, सगळ्यात जवळ. तरी शेवटीच गेला. "मोठ्याचं आधी, हे सांगावं लागत न्हाई दिनकरराव," तो म्हणाला. "हात आपोआप तसा जातो."

"आसमानात दर्जा नसतो, मियाँ. फासला असतो. कोण किती जवळ, आणि कोण किती अडचणीत. दोनच सवाल. अडचणीतला सगळ्यांच्या आधी, मग उतरणारा, मग उडणारा. उतरणाऱ्यांत जो जवळ तो पुढे." एवढं बोलून त्यांनी नोंदवही ओढली आणि झालेली चूक वेळेसकट लिहिली. "तपासनीस हे वाचणार. आणखी एक अशी झाली तर तो यायच्या आधीच मी तुला जिंतूरला पोहोचवीन. समजलं?"

"समजलं."

"परत म्हणून दाखव."

आसारामनं शब्दाला शब्द परत म्हणून दाखवलं.

त्यानंतर दुपारी विमानं लांब गेलेली असताना आम्ही दोघं मचाणावर सराव करायचो. फळीवर खडूनं पट्टी काढायची, चिंचोके म्हणजे विमानं, आणि एक खारीक म्हणजे मोठे साहेब. मी खोट्या हाका द्यायचो, तो चिंचोके हलवायचा. सुरुवातीला कितीही ठरवलं तरी त्याचं बोट आधी खारकेकडे जायचं. मग स्वतःवरच चिडायचा. डिसेंबर असाच गेला. एके दिवशी मी हाक दिली, "मोठे साहेब घाईत आहेत, आधी उतरायचं म्हणतात." आसारामनं खारीक उचलली, तोंडात टाकली आणि चावत म्हणाला, "पुढचं बोल."

दिव्याचाही सराव चालायचा. रेडिओ नसलेल्या विमानाशी नियंत्रक हातातल्या दिव्यानं बोलतो. बंदुकीसारखा नेम धरून झोत टाकायचा. उडत्या विमानाला स्थिर हिरवा म्हणजे उतर. स्थिर तांबडा म्हणजे दुसऱ्याला वाट दे, फिरत राहा. आणि पिस्तुलातून तांबडा बार आकाशात उडवला, तर त्याचा अर्थ: आधी काहीही सांगितलं असो, आता उतरू नको. समजलं की विमान पंख हलवून होकार देतं.

जानेवारीच्या अखेरीस तपासनीस आले. उंच, किरकोळ, कमी बोलणारे गृहस्थ. नेमक्या त्याच दिवशी औरंगाबादहून भाड्याचं दोन इंजिनांचं विमान येणार होतं. त्यात मुख्य अभियंता, आणि त्यांच्यासोबत नव्या खोरे समितीचे सभासद म्हणून आबासाहेब. होय, तेच. माळाच्या कडेला मांडव पडला, झेंडूच्या माळा आल्या, हलगीवाले आले. स्वागताचे चिटणीस बन्सीधर घड्याळ हातात घेऊन मचाणाखालीच ठाण मांडून उभे होते.

त्या विमानाशी आम्हाला रेडिओवर बोलता येणार नव्हतं. आमच्या संचात चारच स्फटिक बसत, आणि ज्या लहरीचा स्फटिक नाही त्या लहरीवर आम्ही बहिरे. मी आठवडाभर तो स्फटिक मागत होतो, तो आला नाही. म्हणजे सगळं दिव्यावर.

अकराच्या सुमारास विमान दिसलं. आभाळात दुसरं काही नव्हतं. पट्टी मोकळी, आश्रुबा बैलांसह कडेला, लुगड्याची पिशवी पश्चिमेचा वारा दाखवत होती. आसारामनं चारी बाजूंना पाहिलं आणि हिरवा झोत टाकला. विमानानं पंख हलवले. खाली हलगी सुरू झाली.

आणि रेडिओ खरखरला. "सर्वे दोन. पूर्वेला तीन मैल. इंजिन ताकद देत नाही. उंची टिकत नाही. सरळ पट्टीवर येतो."

दिनकरराव मचाणावर शिडीच्या तोंडाशी उभे होते, तपासनीस आसारामच्या शेजारी बसले होते. त्यांनी एक पाऊल टाकलं, तपासनीसांकडे पाहिलं आणि तिथेच थांबले.

दोन सवाल मोजल्यासारखं आसारामचं बोट टेबलावर दोनदा आपटलेलं मला आठवतं. मग त्यानं माईक दाबला. "सर्वे दोन, क्रमांक एक. वारा पश्चिमेचा, दहा मैल. सरळ या, उतरा." तिकडून ते परत म्हणून आलं. तेवढ्यात त्यानं दिवा उचलून मोठ्या विमानावर तांबडा झोत धरला होता.

पंख हलले नाहीत. हिरवा एकदा मिळाल्यावर त्या वैमानिकाची नजर पट्टीवर होती, मचाणावर कशाला असेल?

"अरे तांबडा काय दाखवायलास!" खालून बन्सीधर ओरडले. "आबासाहेब हायत त्याच्यात! तुझ्या गावचे!"

आसारामनं पिस्तूल घेतलं आणि बार उडवला. तांबडा गोळा पट्टीवर चढून धूर सोडत खाली आला. हलगी एकदम थांबली. मोठं विमान मांडवावरून गुरगुरत वर उठलं, आणि पहिल्या रांगेतल्या पाहुण्यांच्या टोप्या उडाल्या.

दोन मिनिटांत सर्वे दोन पूर्वेकडून आलं. आवाज जवळजवळ नव्हताच. टेकलं, धावलं, एक टायर फुटलं, गर्रकन वळलं आणि पट्टीच्या मधोमध आडवं उभं राहिलं. वैमानिक बाहेर आला आणि त्यानं दोन्ही हात वर केले. तो धड होता.

मांडवातली माणसं धावायला निघाली. आसारामनं भोंगा उचलला. "मांडवातले मांडवात! पट्टीवर कुणीबी यायचं न्हाई!" मग आवाज उतरवून, पण स्पष्ट: "रूळ, या!" आणि हिरवं निशाण.

आश्रुबा कडेला उभे होते. सगळा गोंधळ चालला असताना ते हलले नव्हते. निशाण दिसताच त्यांनी रुळाची साखळी सोडली, बैल हाकले, साखळी विमानाच्या धड पायाला अडकवली आणि चंद्या-लखोट्याच्या पाठीवर थाप मारली. विमान कुरकुरत, फुटलं चाक फरफटत, मुरमावरून हळूहळू कडेला गेलं.

"झालं की कडेला! दे आता हिरवा!" बन्सीधर घड्याळ नाचवत होते. वर मोठं विमान चौथी फेरी घालत होतं.

"पट्टी मोकळी न्हाई," आसाराम म्हणाला.

"काय हाय आता तिथं?"

आसाराम आश्रुबांकडे बघत होता. ते कडेला उभं राहून पट्टीच्या मध्याकडे बोट दाखवत होते. ओढताना साखळीचा एक तुकडा तुटून पडला होता. मचाणावरून तो दिसणं शक्यच नव्हतं. पळत जाऊन उचलायला पन्नास पावलं होती. पण आश्रुबा गेले नाहीत. मचाणाकडे तोंड करून थांबले.

हिरवं निशाण पुन्हा हललं. आश्रुबा गेले, तुकडा उचलला, डोक्यावर धरून दाखवला, आणि आल्या वाटेनं परत कडेला आले.

आसारामनं पुन्हा चारी बाजूंना पाहिलं. मग हिरवा.

विमान उतरलं. आधी मुख्य अभियंता बाहेर आले, मागून आबासाहेब. चेहरा हळदीसारखा पिवळा. डोक्याचा फेटा हातात होता, गोळा करून अंगापासून लांब धरलेला. कुणी माळ घालायला पुढे झालं, पण फेट्याकडे बघून मागे सरलं.

"वर कोण हाय रं?" आबासाहेबांनी विचारलं.

"आश्रुबाचं पोरगं, आबासाहेब," बन्सीधर म्हणाले. "मी सांगत व्हतो त्याला..."

"खाली ये रं, आसाराम."

वरून आसाराम म्हणाला, "आत्ता येता येत न्हाई, आबासाहेब. सर्वे एक यायलंय."

आबासाहेबांनी कडेच्या मोडक्या विमानाकडे पाहिलं, फुटल्या टायराकडे पाहिलं, मग बैलांकडे.

"देवाला बी मी पाचच फेरे घालतो," ते म्हणाले. "ह्यानं सहा घातले मला." मग आश्रुबांना, "तुझ्या जोडीनं वढलं ते?"

"व्हय."

"आमच्या आधी गेली म्हण की तुझी जोडी."

"तुमच्या आधी."

"पोळ्याला मातुर न्हाई हां!"

लोक हसले. आश्रुबा हसले नाहीत. साखळीचा तुकडा खांद्यावर टाकत म्हणाले, "पोळ्याचं पोळ्याला बघू."

सर्वे एक उतरल्यावर तपासनीसांनी पहिला प्रश्न विचारला. "मोठं विमान जवळ होतं. त्याला आधी का उतरू दिलं नाही?"

आसाराम उभा राहिला. "आमच्या पट्टीला बाजूचा रस्ता नाही. उतरलेलं विमान टोकाला वळून त्याच पट्टीवरून परत येतं, त्याला चार मिनिटं लागतात. सर्वे दोनकडे दोन होती. आणि त्याला पुन्हा वर उठता येणार नव्हतं, मोठ्याला येत होतं."

तपासनीसांनी मागची पानं चाळली. नोव्हेंबरच्या नोंदीवर थांबले, पुरी वाचली, पान उलटलं. मग दोन चुका काढल्या. बार उडवल्याची वेळ लिहायची राहिली होती. आणि, "हे 'रूळ, या' कोणत्या पुस्तकात आहे?"

"पुस्तकात नाही, साहेब," दिनकरराव म्हणाले. "रूळ त्याचा बाप आहे."

तपासनीसांनी चष्मा काढून पुसला, खाली कडेला बैलांना पाणी दाखवत असलेल्या माणसाकडे थोडा वेळ पाहिलं, आणि सही केली. दिनकररावांनी त्या दिवशी तेरावा कप घेतला.

पावसाळ्याआधी तळ हलला. आसारामची नेमणूक मुंबईला झाली आणि आता त्याच्या हाताखाली नवी मुलं शिकतात. त्यांना तो पहिल्या दिवशी फळी, चिंचोके आणि एक खारीक देतो म्हणे.

त्या वर्षी पोळ्याला तो रजेवर आला होता, म्हणून मीही गेलो. तोरणाखालून पहिली जोडी आबासाहेबांची गेली, दरसालासारखी. मग भाऊबंदांच्या जोड्या. मग सोयऱ्यांपैकी एकाचा बैल हलगीला बुजून अडला, रांग जरा विस्कटली, आणि त्या फटीतून आश्रुबांनी चंद्या-लखोट्या शांतपणे आत घातले. कुणीतरी ओरडलं. आबासाहेबांनी मागे वळून पाहिलं, आसारामकडे पाहिलं, आणि पानाची चंची काढून बसले.

मी मोजलं. एरवी शेवटचे जाणारे आश्रुबा त्या दिवशी शेवटून अकरावे गेले. आसारामनं त्यांना गाठलं. "दादा, असं कसं घातलं मधीच?"

"मधी कुठं?" आश्रुबा म्हणाले. "चारी बाजूंनी बघितलं. वाट मोकळी व्हती. जवळ मीच व्हतो."